कळूनही चुकणारा माणूस : गिरीश कार्नाड यांची तीन कामं



 या व्याख्यानासाठी मला दिलेला विषय आहे ‘नट, लेखक आणि दिग्दर्शक’. या विषयात पन्नास नावं घेता येतील, पण मग प्रत्येकाच्या वाट्याला दोन वाक्यं यायची. त्यापेक्षा एकाच माणसाबद्दल नीट बोलावं असं मी ठरवलं. तो माणूस म्हणजे गिरीश कार्नाड.

कार्नाड म्हटलं की या सभागृहातल्या प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर वेगळा चेहरा येत असणार. कुणाला ‘उंबरठा’मधला सुभाष आठवेल. कुणाला दूरदर्शनवरच्या ‘मालगुडी डेज’मधले स्वामीचे वडील आठवतील. तरुण मुलांना ‘एक था टायगर’ आणि ‘टायगर जिंदा है’मधला गुप्तहेर खात्याचा साहेब माहीत असेल. आणि ज्यांनी एम.ए.ला नाटक घेतलं असेल त्यांना ‘तुघलक’. हे चारही एकच गृहस्थ, असं सांगितल्यावर चमकणारी माणसं मी पाहिली आहेत. चमकायचं कारण असं, की आपण ही कामं वेगवेगळ्या खणांत ठेवतो. नाटककार मोठा, नट बरा, दिग्दर्शक मधला, अशी गुणपत्रिका तयार करतो आणि मोकळे होतो.

पूर्वी असं नव्हतं. अण्णासाहेब किर्लोस्कर शाकुंतल लिहीत, मंडळीकडून बसवून घेत आणि स्वतः रंगमंचावर उभे राहत. गोविंद बल्लाळ देवलांनी नाटकं लिहिली आणि तालीम मास्तर म्हणून नट घडवले. यांपैकी खरे कोण, लेखक की नट, असा प्रश्न तेव्हा कुणी विचारला नाही. जाता जाता सांगतो, अण्णासाहेबांचा जन्म गुर्लहोसूरचा, आजच्या कर्नाटकातला. मराठी संगीत नाटकाची सुरुवात करणारा माणूस कानडी मुलखातला, आणि कन्नड नाटकाचं आधुनिक रूप घडवणाऱ्या कार्नाडांचा जन्म माथेरानचा, 19 मे 1938चा. घरची भाषा कोकणी, पहिली शाळा मराठी, लेखन कन्नडमध्ये. या माणसाला एका खणात ठेवायचं कसं?

मला आज जे म्हणायचं आहे ते आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं ऐकायला सोपं जाईल. कार्नाडांच्या तिन्ही कामांच्या मध्यभागी एकच माणूस आहे. हा माणूस शिकलेला आहे, बुद्धीनं तल्लख आहे, त्याचा हेतूही बहुतेक वेळा चांगला असतो, आणि तरीही ऐन निर्णयाच्या वेळी तो चुकतो. त्याला कळत नाही म्हणून चुकतो असं नाही. कळूनही चुकतो. लेखक म्हणून कार्नाडांनी या माणसाचा शोध घेतला आणि नट म्हणून त्याला स्वतःचा चेहरा दिला.

आता मुळापासून पाहू. वडील डॉक्टर, सरकारी नोकरीत. मुलाचं बालपण शिरसीत गेलं, जंगलाच्या कुशीतल्या लहानशा गावात. तिथं नाटक मंडळ्या येत, तात्पुरती थिएटरं उभी करून मुक्काम ठोकत. आई-वडिलांना नाटकाचा भारी शौक. शिवाय यक्षगान होतंच. म्हणजे एकीकडे रंगवलेले पडदे आणि दुसरीकडे पडदाच नसलेलं, दोन माणसांनी हातात धरलेल्या कापडाआडून पात्र प्रकट करणारं नाटक. हा मुलगा दोन्ही पाहत वाढला.

पुढे पदव्युत्तर शिक्षणासाठी मुंबईला आल्यावर त्यानं इब्राहिम अल्काझींनी बसवलेलं स्ट्रिंडबर्गचं ‘मिस ज्युली’ पाहिलं. त्या प्रयोगानं त्याला हादरवलं. आशयानं हादरवलंच, पण आणखी एका गोष्टीनंही. रंगमंचावरचा उजेड हळूहळू कमी होतो, हळूहळू वाढतो, हे त्यानं पहिल्यांदा पाहिलं. शिरसीतल्या मंडळ्यांच्या नाटकात दिवा एक तर असायचा किंवा नसायचा. इथं उजेड माणसाच्या मनात शिरत होता. ही आठवण कार्नाडांनी पुढे लिहून ठेवली आहे आणि मला ती फार मोलाची वाटते. नाटककाराला नवं युग भेटलं ते विजेच्या दिव्याच्या हळूहळू मंदावण्यातून. नाटक म्हणजे आधी डोळ्यांसमोर घडणारी वस्तू, हे ज्याला इतक्या लवकर उमगतं, त्याच्या हातून पुढे वाचायची नाटकं कशी लिहून होतील?

पहिलं नाटक ‘ययाति’. र्‍होड्स शिष्यवृत्ती मिळवून ऑक्सफर्डला निघायच्या सुमारास लिहिलेलं आणि 1961 साली छापून आलेलं. तोवर या तरुणाच्या मनात इंग्रजीत कविता लिहायचं होतं. हातून उतरलं ते कन्नड नाटक. आपल्याकडे वि. स. खांडेकरांची ‘ययाति’ 1959ची, म्हणजे दोन शेजारी भाषा एकाच वेळी त्याच राजाच्या मागे लागल्या होत्या. मुलाकडून तारुण्य मागून घेणाऱ्या बापाची ही गोष्ट. पण कार्नाडांनी पुरूला चित्रलेखा नावाची बायको दिली आणि तिला प्रश्न विचारायला लावला: तुम्ही बाप-लेक आपसांत त्यागाचा व्यवहार करून मोकळे झालात, माझं काय? या प्रश्नाचं उत्तर कुणाकडेच नाही आणि ती जीव देते. बावीस-तेवीस वर्षांच्या मुलानं हे लिहिलं आहे. थोर माणसाच्या थोरपणाची किंमत दुसराच कुणीतरी मोजतो, हे त्याला तेव्हाच दिसलं होतं.

आणि मग 1964 साली ‘तुघलक’. इथं मला थोडं रेंगाळायचं आहे.

जुन्या मंडळ्यांच्या नाटकात एक सोय असे. मागच्या बाजूला महाल, दरबार, उद्यान असे मोठे देखावे लावायला वेळ लागतो. तोवर प्रेक्षकांनी काय करायचं? म्हणून पुढे रस्त्याचा पडदा सोडायचा आणि त्याच्यापुढे अरुंद जागेत एखादा हलकाफुलका प्रवेश करायचा. दोन नोकर, दोन चोर, एखादा भोंदू. लोक हसत, टाळ्या पिटत, मागे ठोकाठोक चालू असे. खोल प्रवेश राजांचे, उथळ प्रवेश सामान्यांचे. ही नुसती रंगमंचाची सोय नव्हती, समाजाची उतरंडच त्या पडद्यानं रंगमंचावर मांडली होती. राजा मागे, प्रजा पुढे, आणि दोघांची गाठ नाही.

कार्नाडांनी ‘तुघलक’ लिहिताना हीच रचना समोर ठेवली, असं त्यांनी स्वतः सांगितलं आहे. खोल प्रवेशात सुलतान महंमद तुघलक आणि रस्त्याच्या पडद्यापुढे अझीझ आणि आझम हे दोन भामटे. अझीझ धोबी आहे. सुलतानानं जाहीर केलंय की प्रजेतला कुणीही राजाविरुद्ध न्याय मागू शकतो. अझीझ ब्राह्मणाचं सोंग घेतो, सुलतानावर फिर्याद लावतो, जिंकतो आणि वर नोकरी मिळवतो. प्रत्येक उदात्त फर्मान निघालं की हा गडी त्यातून आपला फायदा काढतो. राजधानी दिल्लीहून दौलताबादला हलते तेव्हा वाटेवर हाच अधिकारी झालेला असतो, आणि मूल आजारी पडलेल्या बाईकडे वैद्याकडे जाऊ देण्यासाठी पैसे मागतो. इथवर आपण हसत होतो. इथं हसू थांबतं.

आणि मग काय होतं? लिहिता लिहिता रस्त्याच्या पडद्यापुढचे हे प्रवेश फुगत गेले, जुन्या चौकटीत मावेनात. अझीझ पडदा ओलांडून आत येतो. खलिफाच्या वंशजाचा खून करून त्याच्या वेशात दरबारात शिरतो आणि सुलतान त्याचं स्वागत करतो. शेवटी सोंग उघडं पडतं तेव्हा अझीझ सुलतानाला सांगतो, की तुमचा खरा शिष्य मीच, तुमची प्रत्येक योजना मी मनापासून राबवली. सुलतान त्याला सुळावर देत नाही. त्याला दक्षिणेत कामावर नेमतो! स्वतःच्या बुद्धीचं विद्रूप रूप समोर उभं असताना त्याला मारायचा हात उठत नाही.

लोक म्हणतात, ‘तुघलक’ हे नेहरूयुगाच्या भ्रमनिरासाचं नाटक आहे. असेल. पण तो भ्रमनिरास संवादांत सांगितलेला नाही. तो एका पडद्याच्या हलण्यात आहे. रंगमंचाची यंत्रणा ज्याला आतून माहीत आहे त्यालाच हे सुचतं. म्हणून मी म्हणतो, नाटककार कार्नाड आणि रंगकर्मी कार्नाड यांना वेगळं काढायला जाल तर ‘तुघलक’ हातून निसटेल.

या नाटकाचं आपल्याशी नातं आणखी जवळचं आहे. 1327 साली महंमदानं राजधानी आणली ती आपल्या देवगिरीवर, म्हणजेच दौलताबादला. ‘तुघलकी कारभार’ हा शब्दप्रयोग आपल्या तोंडी रोजचा. नाटकात देवगिरीच्या तटावर रात्री दोन पहारेकरी बोलत असतात, एक म्हातारा, एक तरुण. म्हाताऱ्याचं घरदार दिल्लीहून येतानाच्या वाटेवर संपलं आहे. तरुणाला किल्ल्याचं, त्याच्या पोटातल्या त्या वळणावळणाच्या भुयाराचं कौतुक आहे. आपल्यापैकी जे देवगिरीची अंधारी चढून गेले असतील, मशाल विझल्यावर पाय कुठं टाकावा हे न कळलेले, त्यांना तो प्रवेश अंगावर काटा आणील. मराठीत हे नाटक विजय तेंडुलकरांनी आणलं. म्हणजे महंमद शेवटी आमच्या भाषेत बोलला, आमच्याच किल्ल्यावर उभा राहून.

आता नट कार्नाड. सात वर्षं मद्रासला ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसमध्ये नोकरी करून 1970 साली त्यांनी ती सोडली. त्याच साली ‘संस्कार’ आला. यू. आर. अनंतमूर्तींची कादंबरी, पट्टाभिराम रेड्डींचं दिग्दर्शन, पटकथा कार्नाडांची आणि प्राणेशाचार्यांची भूमिकाही त्यांचीच. अग्रहारात एक धर्मभ्रष्ट ब्राह्मण मरून पडला आहे. त्याला अग्नी देईपर्यंत कुणाच्या घरी चूल पेटणार नाही. सगळे आचार्यांच्या तोंडाकडे बघताहेत, कारण काशीपर्यंत ज्यांची कीर्ती असा हा पंडित. आचार्य पोथ्या उलटत बसतात. उत्तर मिळत नाही. ज्याच्याकडे सगळं ज्ञान आहे त्याला एका प्रेताचं काय करायचं हे ठरवता येत नाही आणि प्रेत कुजत राहतं. सेन्सॉरनं आधी अडवलेल्या या चित्रपटाला पुढे राष्ट्रपतींचं सुवर्णकमळ मिळालं. कन्नडमधला तो असा पहिलाच चित्रपट.

लक्षात घ्या, सुलतान महंमद लिहिणारा माणूस सहा वर्षांनी कॅमेऱ्यासमोर उभा राहिला तो प्राणेशाचार्य होऊन. आणि पुढच्या भूमिका एकापाठोपाठ एक आठवा. ‘निशांत’मधला शाळामास्तर. बायकोला जमीनदाराचे भाऊ डोळ्यांदेखत उचलून नेतात आणि हा शिकलेला माणूस पोलीस, कलेक्टर, वकील असे दरवाजे ठोठावत फिरतो. शेवटी गाव पेटतं ते याच्याच प्रयत्नानं, पण पेटलेलं गाव मग याच्या बायकोलाही सोडत नाही. ‘मंथन’मधला डॉक्टर राव. गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये घालून काढलेला चित्रपट. राव प्रामाणिक आहे, सहकारी संस्था उभी करतो आणि ऐन गरजेच्या वेळी गाव सोडतो. आणि ‘उंबरठा’मधला सुभाष.

‘उंबरठा’बद्दल थोडं अधिक बोलतो, कारण तो आपला आहे. 1982 सालचा, शांता निसळांच्या ‘बेघर’ कादंबरीवरचा, जब्बार पटेलांचा. सगळ्यांना स्मिता पाटील आठवते आणि तेच योग्य आहे. पण स्मिताच्या समोर जो नवरा उभा आहे त्याच्याकडे एकदा पुन्हा पाहा. दुसरा एखादा नट असता तर त्यानं सुभाषला खलनायक केलं असतं, किंवा प्रेक्षकांची सहानुभूती आपल्याकडे ओढायला गेला असता. कार्नाडांनी दोन्ही केलं नाही. सुभाष सुसंस्कृत वकील आहे, बायकोवर त्याचं प्रेम आहे, तिनं नोकरीला बाहेरगावी जायचं म्हटल्यावर तो थयथयाट करत नाही. आणि ती परतल्यावर आपल्या आयुष्यात दुसरी बाई आल्याचं तो तिला सांगतो, सरळ, आवाज न चढवता, जणू यात काही अडचण यायचं कारणच नाही. त्या सभ्य आवाजानंच सुलभाला, म्हणजे स्मिताच्या नायिकेला, उंबरठ्याबाहेर काढलं. दुष्ट नवऱ्याला सोडून जाणं समजण्यासारखं आहे. सज्जन नवऱ्याला सोडून जावं लागणं ही खरी गोष्ट आहे, आणि ती सांगायला असा नट हवा होता, ज्याला सज्जनपणाच्या मर्यादा लेखक म्हणून आधीच माहीत होत्या.

मोठा अभिनेता म्हणून कार्नाडांचं नाव पहिल्या रांगेत घेतलं जात नाही. मान्य. त्यांच्याकडे नसीरुद्दीन शाहांचं वैविध्य नव्हतं, ओम पुरींची धग नव्हती. पण भूमिकेतल्या माणसाला स्वतःची बाजू मांडू न देता उभं करायचं धैर्य त्यांच्याकडे होतं, आणि ते दुर्मीळ आहे.

नसीरुद्दीन शाहांचं नाव निघालं म्हणून सांगतो. 1974-75 साली कार्नाड पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटचे संचालक होते. तेव्हा अभिनयाच्या विद्यार्थ्यांनी संप केला आणि संपकऱ्यांत नसीर आघाडीवर. श्याम बेनेगल ‘निशांत’साठी नट शोधत होते तेव्हा त्यांच्याकडे या मुलाची शिफारस कुणी केली? त्याच संचालकांनी. हे शाहांनी स्वतः अनेकदा सांगितलं आहे. मतभेद एका जागी आणि गुणाची पारख दुसऱ्या जागी. संस्था चालवणाऱ्या मंडळींनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी असं मला फार वाटतं.

दिग्दर्शनाकडे मी थोडक्यात वळतो, कारण माझ्या मते तिन्ही कामांत ते सर्वांत असमान आहे. ब. व. कारंतांबरोबरचा ‘वंशवृक्ष’ 1971चा, दोघांना दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार देऊन गेला. ‘काडु’मध्ये लहान मुलाच्या नजरेतून दिसणारं दोन गावांचं वैर मला आजही त्यांचं सर्वांत घट्ट काम वाटतं. ‘ओंदानोंदु कालदल्लि’मध्ये त्यांनी शंकर नागला आणलं, जो मुंबईच्या मराठी रंगभूमीवर वावरलेला होता. ‘उत्सव’मध्ये मृच्छकटिक डोळ्यांना सुखावतं, पण देवलांच्या मृच्छकटिकावर वाढलेल्या माझ्यासारख्याला त्यात चारुदत्ताचं दारिद्र्य पुरेसं बोचत नाही. ‘चेलुवी’ मात्र पाहाच. फुलझाड होऊ शकणाऱ्या मुलीची लोककथा, आणि ती मुलगी झाली आहे आपली सोनाली कुलकर्णी, तिच्या पहिल्याच चित्रपटात.

एक प्रश्न नेहमी विचारला जातो. इतका मोठा नाटककार हिंदी सिनेमात मिळेल ती भूमिका का करत राहिला? कार्नाडांनी याचं उत्तर कधी लपवलं नाही. नाटकावर घर चालत नाही, सिनेमावर चालतं. मी नाटककार आहे, हेही ते तितक्याच स्पष्टपणे सांगत. यात आपण खाली मान घालावी असं काही आहे का? मला नाही वाटत. दोन नाटकांच्या मध्ये त्यांनी कधी कधी कित्येक वर्षं जाऊ दिली.  पोटासाठी नाटक पाडायची वेळ त्यांच्यावर आली नाही. पडद्यावरच्या भूमिकांनी नाटकाला उसंत मिळवून दिली. आपल्याकडे किती नाटककारांना ती मिळाली? कचेरीतून घरी येऊन रात्री लिहिणारे, नाहीतर मालिकांचे भाग पाडता पाडता नाटक राहून गेलेले किती जण आपण पाहिले! म्हणून या प्रश्नाकडे नैतिकतेच्या चष्म्यातून पाहू नका, पोटापाण्याच्या व्यवस्थेचा प्रश्न म्हणून पाहा.

आणि सिनेमानं नुसता पैसाच दिला असंही नाही. ‘भूमिका’ घ्या. नटी हंसा वाडकरांचं ‘सांगत्ये ऐका’ हे आपल्या भाषेतलं विलक्षण धीट आत्मकथन. त्यावरची पटकथा बेनेगल, सत्यदेव दुबे आणि कार्नाड यांनी मिळून लिहिली आणि राष्ट्रीय पुरस्कार मिळवला. एक बाई, तिच्या आयुष्यात आलेले पुरुष, प्रत्येक जण तिला काहीतरी देऊ करतो आणि प्रत्येक घराला कुलूप असतं. ‘ययाति’तली चित्रलेखा, ‘हयवदन’मधली पद्मिनी आणि ही नटी, तिघींचा प्रश्न एका जातीचा आहे. ‘हयवदन’मध्ये पद्मिनीचा नवरा देवदत्त याचं डोकं आणि त्याचा मित्र कपिल याचं धड एकत्र आल्यावर ऋषी निवाडा देतात की मस्तक श्रेष्ठ, म्हणून मस्तकवाला तो नवरा. पण शरीर आपलं जुनं वळण विसरत नाही, आणि मस्तकाचा विजय पद्मिनीला सुखाचा होत नाही. पुन्हा तेच: बुद्धीनं दिलेला निकाल आणि जगण्यात त्याचा झालेला पराभव. चिं. त्र्यं. खानोलकरांनी ते मराठीत आणलं, विजया मेहतांनी बसवलं, भास्कर चंदावरकरांनी संगीत दिलं. यक्षगानातला तो हातात धरलेला पडदा आपल्या रंगमंचावर आला आणि मराठी प्रेक्षकाला तो परका वाटला नाही.

शेवटच्या टप्प्यातलं ‘ओडकलु बिंब’, म्हणजे भंगलेली प्रतिमा, मला या सगळ्यासाठी फार महत्त्वाचं वाटतं. अरुंधती नाग यांच्यासाठी त्यांनी ते स्वतः सहदिग्दर्शक होऊन बसवलं. मंचावर एकच बाई. लेखिका. टेलिव्हिजन स्टुडिओत भाषण करून निघते, तोच पडद्यावरची तिची प्रतिमा तिच्याशी बोलायला लागते आणि प्रश्न विचारायला लागते: ज्या कादंबरीनं तुला कीर्ती दिली ती खरंच तू लिहिलीस का? आयुष्यभर कॅमेऱ्यासमोर बसलेल्या आणि आयुष्यभर लिहिलेल्या माणसालाच हे नाटक सुचू शकतं. नट, लेखक, दिग्दर्शक एकाच मंचावर समोरासमोर बसले आहेत आणि उलटतपासणी चालू आहे. उत्तरं टाळायला जागा नाही. शिकलेला माणूस कळूनही कसा चुकतो, हे इथं शिकलेली बाई स्वतःच्याच तोंडून ऐकते.

10 जून 2019 रोजी कार्नाड गेले. त्याच्या आदल्या वर्षी त्यांचं शेवटचं नाटक आलं, ‘राक्षस तंगडी’, 1565च्या तालिकोटच्या लढाईवर. विजयनगरचा रामराय, मुरब्बी, हिशेबी, सुलतानांना एकमेकांवर घालून राज्य वाढवणारा. आणि त्याचं मस्तक कापलं गेलं ते आपल्या अहमदनगरच्या हुसेन निजामशहाच्या छावणीत. म्हणजे हेही नाटक निम्मं आपल्याच मुलखाचं आहे. इथं नाट्यसंस्था चालवणारे तरुण पुढच्या रांगेत बसले आहेत, त्यांना माझी विनंती आहे. ‘तुघलक’ तुम्ही करालच. पण रामरायही करा, आणि करताना त्याला हिंदू किंवा मुसलमान प्रेक्षकांच्या टाळ्या मिळतील असा उभा करू नका. सुभाष जसा उभा केला होता तसा करा. सुलतानांचा एकोपा होणार नाही या हिशेबावर विसंबलेला, इतक्या वर्षांच्या राजकारणानंतरही शत्रूला ओळखू न शकलेला एक हुशार म्हातारा. प्रश्न असतील तर मी इथंच बसलो आहे.